अडीच किलोमीटरच्या फेऱ्या आणि डिझेल गाडीचं अकराचं ॲव्हरेज

रक्तगट_बी (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण माझा धंदाच रिपोर्ट देण्याचा. अर्धवट माहितीवर निदान मागायला मला जमत नाही.

माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, कॅनडा कॉर्नरजवळ. राहायला महात्मानगरला. अंतर दोन-अडीच किलोमीटर. उपाशीपोटी शुगर तपासणारी मंडळी सकाळी सातला शटरसमोर उभी असतात, म्हणून पावणेसातला गाडी काढते. दुपारी जेवायला घरी, चारला परत लॅब, रात्री साडेआठच्या पुढे घरी. मधूनच एखाद्या आजी-आजोबांचं सॅम्पल घ्यायला घरी जावं लागतं, तेही कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडच्या आसपासच. सगळं धरून महिन्याला तीनशे किलोमीटर, फार तर थोडं वर.

गाडी २०२१ची, बीएस६ प्रदूषण नियमांची, दीड लिटरचं डिझेल, मॅन्युअल, कॉम्पॅक्ट एसयूव्ही. दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली. आधीचे मालक सारखे नाशिक-मुंबई करायचे. ते एकोणीस-वीसचं ॲव्हरेज सांगत होते आणि त्यांच्याकडे डिझेलच्या पावत्या चिकटवलेली वही होती, त्यामुळे विश्वास ठेवला. माझ्या हातात आल्यापासून साडेअकरा, अकरा, आणि जानेवारीत तर दहाच्या खाली. मोजणी टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला थांबून. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही, तो कायम एक-दीडने खुशीत असतो.

सर्व्हिस सेंटरला नेली. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले, चाकं मोकळी फिरतात, हवा बरोबर. शेवटी "मॅडम, सिटीत एवढंच देणार, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवत असाल," असं म्हणून बिल हातात दिलं. मी क्लचवर पाय ठेवत नाही. बाईमाणूस गाडी घेऊन आली की हे वाक्य आपोआप बाहेर पडतं की त्यांना तसं ट्रेनिंग देतात, कोण जाणे.

आणखी दोन गोष्टी, संबंध असेल-नसेल. कधीकधी लॅबसमोर गाडी बंद केली तरी पुढचा पंखा बराच वेळ ढणढणत राहतो, भर थंडीतसुद्धा. आणि काही वेळा सिग्नलला उभी असताना आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) आपोआप चढतं, आठशेच्या आत असतं ते हजाराकडे जातं.

डिझेल म्हणजे ॲव्हरेज, हेच आजवर ऐकत आले. मग हा एवढा फरक नुसत्या सिटीमुळे पडतो का?

घाटमाथा (सातारा)

महिन्याला तीनशे किलोमीटरसाठी डिझेल कोण घेतं? विकून टाका आणि सीएनजी घ्या. विषय संपला.

नळस्टॉप (पुणे)

विषय संपला म्हणणाऱ्यांनी निदान प्रश्न तरी नीट वाचावा. त्यांनी "का" असं विचारलंय, "काय घेऊ" असं नाही.

ताई, कंपनी ॲव्हरेजचा जो आकडा सांगते त्याबद्दल थोडं सांगतो, कारण तो ज्या संस्थेच्या चाचणीतून येतो त्या एआरएआयची टेकडी आमच्या घराच्या मागेच आहे आणि तिथल्या चाचणीबद्दल लोकांचे भलते गैरसमज असतात. गाडी तिथे रोलरवर चालवतात. चाचणी साधारण वीस मिनिटांची, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, वेग कधीच ९०च्या वर नाही, एसी बंद. सुरुवात थंड इंजिनाने होते हे खरं, पण थंड म्हणजे खोलीचं २०-३० अंश तापमान. शिवाय पुढचे आठ किलोमीटर ते इंजिन तापलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचा तोटा भरून निघतो. तुमची फेरी अडीच किलोमीटरलाच संपते. म्हणजे त्या चाचणीतला सगळ्यात वाईट तुकडा तेवढा तुमच्या वाट्याला येतो, तोही दिवसभर पुन्हा पुन्हा, आणि हिवाळ्यात खोलीपेक्षा गार हवेत.

पेट्रोलवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा पेट्रोल गाड्यांचाच आकडा आहे: बाहेर उणे ७ असेल तर शहरात ॲव्हरेज २५ अंशांच्या मानाने १५ टक्के पडतं आणि तीन-चार मैलांच्या फेऱ्यांमध्ये २४ टक्क्यांपर्यंत. नाशकात उणे ७ होत नाही हे मान्य, पण तुमच्या फेऱ्या त्यांच्याही निम्म्या आहेत.

नोझलवाले काका (सातपूर, नाशिक)

ताई, तुमच्या प्रश्नात पंखा आणि आयडलिंग शेवटी आलंय, माझ्या मते ते पहिलं यायला हवं होतं. तिकडे वळतोच, पण आधी मूळ.

मी मायकोत, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या लाइनवर आयुष्य काढलं. (२००८ला कंपनीचं नाव बॉश झालं, पण सर्कल अजून मायको सर्कलच आहे, तेव्हा मीही मायकोच म्हणणार.) नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या जरा वर. त्यातून दीड-दोन हजार बारच्या दाबाने डिझेल सुटतं. हे सगळं बसवलेलं असतं तापलेल्या इंजिनाच्या हिशेबाने.

डिझेल इंजिन कमी का पितं? पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण जुळवून द्यावं लागतं, म्हणून थ्रॉटलने हवा कोंडतात. डिझेलमध्ये हवा मोकळी येऊ देतात आणि जेवढं काम तेवढंच डिझेल फवारतात. आयडलिंगला तर हवा गरजेच्या कितीतरी पट आणि डिझेलचा नुसता शिंतोडा. त्यात कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, जास्त: पेट्रोलचं दहा-अकरास एक, तर याचं सोळा-सतरास एक. म्हणून डिझेलमधली जास्त शक्ती चाकाला मिळते आणि कमी शक्ती उष्णता होऊन फुकट जाते.

आता गंमत बघा. इंजिन तापतं ते या फुकट जाणाऱ्या उष्णतेवरच. फुकट कमी जातं, म्हणून तापायला वेळ जास्त. वर ब्लॉक जड, दाब सोसायचा असतो ना. सिग्नलला थांबलात की मोकळी येणारी गार हवा आहे ती ऊबही घेऊन जाते. ज्या गुणासाठी लोक डिझेल घेतात, तोच गुण अडीच किलोमीटरमध्ये आडवा येतो.

थंड इंजिन जास्त खातं याची कारणं एकात एक आहेत. ऑईल जाड, त्यामुळे पिस्टनपासून बेअरिंगपर्यंत सगळीकडे ओढ. फवारा गार भिंतीला लागून नीट पेटत नाही. खडखड कमी व्हावी म्हणून कंट्रोलर मुख्य फवाऱ्याआधी छोटे फवारे सोडतो आणि आयडलिंग चढं ठेवतो. हिटर प्लग इंजिन चालू झाल्यावरही काही वेळ जळत असतात, त्यांचा करंट अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटर फिरतो डिझेलवर. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी येते, त्या दिवसांत आपल्याकडे पहाटे आठ-दहा असतं. कूलंटला (इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला) तिथून ऐंशी अंशांच्या पुढे चढायचंय. तुम्ही लॅबला पोचता तेव्हा ते जेमतेम अर्ध्यात आणि ऑईल त्याच्याही मागे. दुपारपर्यंत परत सगळं गार. महिन्याच्या तीनशे किलोमीटरमध्ये तुमची गाडी तापून चालते कितीशी? हायवेला कधी गेलात तरच.

म्हणून माझं म्हणणं असं की सिटीला उगीच बदनाम करू नका. तापलेलं डिझेल ट्रॅफिकमध्ये छान चालतं. दीड लिटरचं इंजिन एसी बंद असेल तर आयडलिंगला तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, तेवढ्याच पेट्रोलपेक्षा कमीच. घात होतो तो गार इंजिनाने निघून गारच थांबण्यात.

आता पंखा. तुमची बीएस६, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. त्यात काजळी अडकते. लांबच्या धावेत एक्झॉस्ट तापलेला असतो, त्यात थोडी आपोआप जळत राहते, उरलेली दर काही शे किलोमीटरला कंट्रोलर मुद्दाम जाळतो. त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती आणायला स्फोट होऊन गेल्यावर सिलिंडरमध्ये उशिराचा जादा फवारा मारतात. ते डिझेल पुढे कॅटॅलिस्टमध्ये जळून फिल्टर तापवतं. त्या डिझेलने चाक एक इंचही पुढे जात नाही. त्या वेळी आयडलिंग चढतं, पंखा जोरात फिरतो, मीटरवरचं ॲव्हरेज धाडकन पडतं. हे काम पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. तुमच्याकडे ते सुरू होतं आणि तेवढ्यात तुम्ही लॅबसमोर चावी फिरवता. शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केलेल्या कुकरची गत: गॅस जळला, डाळ कच्ची, संध्याकाळी परत पहिल्यापासून.

ॲव्हरेज दहाच्या खाली गेलं ते माझ्या मते थंडी आणि हे अर्धवट जाळणं, दोन्ही मिळून.

एक काम आजच्या आज करा. सकाळी गाडी काढायच्या आधी, सपाट जागेवर, ऑईलची पट्टी काढून बघा. पुसा, घाला, परत काढा. लेव्हल किती आणि वास कसला, दोन्ही इथे लिहा. आणि घरात दुसरी गाडी आहे का, तेही सांगा.

टर्बो_तात्या (नगर)

काका एवढा पसारा कशाला. डीपीएफ पोकळ करून घ्यायचा आणि सॉफ्टवेअर मारायचं. आमच्याकडे एक जण करतो. पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, कटकट कायमची जाते.

नोझलवाले काका (सातपूर, नाशिक)

तात्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीत असा फेरफार करता येत नाही. अपघाताचा क्लेम करायला जाल तेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, तो वेगळाच. आणि ताई लॅब चालवतात. खोकणारे पेशंट दारात उभे, त्यांच्या तोंडावर काजळी सोडायची?

घोडबंदर_४० (ठाणे)

काकांशी एका बाबतीत सहमत, म्हणून अनुभव लिहितो. माझी २०१६ची स्विफ्ट, १.३ मल्टीजेट. घोडबंदरहून पवई, एकेका वेळेला तास-दीड तास. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा रस्ता, पावसाळ्यात तर विचारू नका. तरी सतरा-अठराच्या खाली कधी आली नाही. ट्रॅफिक माझ्या नशिबात ताईंपेक्षा नक्की जास्त आहे, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं गेली की इंजिन तापलेलं, पुढचा तासभर ते निवांत. त्यात बीएस४ असल्यामुळे डीपीएफ नाही. २०२०च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल बंदच केलं, तेव्हा ही गाडी मी झिजेपर्यंत ठेवणार आहे.

मुलीच्या क्लासला हीच गाडी घेऊन बायको जाते तेव्हा, तीन किलोमीटर जाऊन-येऊन, मीटर बारा दाखवतो. मला वाटायचं तिचा पाय जड आहे. (हे तिने वाचलं तर माझी धडगत नाही.)

स्लाउकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे २००१मध्ये गाडीचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडवर बसवला. डिझेल गाडी किलोमीटरमागे तो कमी सोडते, म्हणून सगळे डिझेलकडे पळाले. पुढे एक वेळ अशी आली की विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्या डिझेल. त्यातल्या कितीतरी शाळेपर्यंत आणि सुपरमार्केटपर्यंतच जायच्या. मग डीपीएफ चोक होऊ लागले, लोक ते पोकळ करू लागले, आणि फेब्रुवारी २०१४पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे का हे बघायला सुरुवात झाली. नसेल तर गाडी नापास. तात्यांनी नोंद घ्यावी.

आमच्या शेजारच्या बाईंना मेकॅनिक सांगायचा, रविवारी मोटरवेवर एक चक्कर मारून या. त्या बिचाऱ्या डिझेल वाचवायला घेतलेल्या गाडीसाठी दर रविवारी डिझेल जाळून यायच्या.

रक्तगट_बी (नाशिक)

काका, पट्टी बघितली. मॅक्सच्या खुणेच्या वर जवळजवळ एक बोट. पातळ. पट्टीवरून थेंब चटकन ओघळला, ऑईल असं ओघळत नाही. फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून ठेवला (सवय!), तर मधे काळा ठिपका आणि भोवती फिकट पिवळं कडं पसरलं. आणि वास सरळसरळ डिझेलचा. नाकावर मास्क असतानाही आला.

दुसरं. भाच्याने त्याचं ओबीडीचं यंत्र लावून दिलं, मोबाईलवर सगळे आकडे दिसतात. आज सकाळी कूलंट १३ अंशांवर होतं. जेहान सर्कलला २९. लॅबसमोर थांबले तेव्हा ४६. तुम्ही म्हणालात तसं अर्ध्यावर. दुपारी घरी जायला निघाले तर परत २४.

घरात दुसरी गाडी आहे. पेट्रोल हॅचबॅक, नवऱ्याची. तो सिन्नरला जातो, मुसळगाव एमआयडीसीत, रोज. तीस-बत्तीस किलोमीटर जायला, तेवढेच यायला.

नळस्टॉप (पुणे)

थांबा, थांबा. तीस किलोमीटर हायवेला पेट्रोल आणि अडीच किलोमीटरला डिझेल?

नोझलवाले काका (सातपूर, नाशिक)

ताई, हसू आवरून लिहितोय. गाड्या आपसात बदला. तुमच्या मालकांना सांगा काकांनी सांगितलंय.

पण त्याआधी ऑईल. पट्टीवर वाढलंय ते ऑईल नाही, डिझेल आहे. उशिराचा फवारा मारला जातो तेव्हा थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली संपात, म्हणजे ऑईल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. लांब पल्ल्यात ते तापून उडून जातं, तुमच्या फेऱ्यांत साठत राहतं. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग सांभाळत नाही. फारच वर गेलं तर इंजिन तेच ओढून जाळू लागतं, मग चावी काढली तरी बंद होत नाही. म्हणून या ऑईलवर हायवेला पळवू नका. आधी ऑईल आणि फिल्टर बदलून घ्या. डब्यावर कमी राखेचं, डीपीएफला चालणारं असं ग्रेड लागतं, सी२ किंवा सी३, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे छापलंय ते. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते, म्हणून स्वस्तातलं ऑईल या गाडीला नको.

मग स्कॅनर लावून फिल्टर किती भरलाय ते बघायला सांगा. मर्यादेत असेल तर पाथर्डी फाट्यावरून मुंबई हायवे धरा. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटीच्या अलीकडून परत. इंजिन तापल्यावर एक गिअर खालचा, २०००-२५०० आरपीएम, सलग वीस-पंचवीस मिनिटं. पंखा सुरू असेल तर तो थांबेपर्यंत गाडी बंद करायची नाही. फारच भरलेला असेल तर वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर जाळून देतात. तेही जमलं नाही तर फिल्टरच बदलावा लागतो आणि त्याचा आकडा उभ्याने ऐकू नये.

नळस्टॉप (पुणे)

हिशेब राहिला होता, तो करून टाकतो. भाव ढोबळ धरतो, पेट्रोल १०४, डिझेल ९०.

ताईंचे ३०० किलोमीटर अकराच्या ॲव्हरेजने म्हणजे २७ लिटरच्या वर, २,४५० रुपये. अठरा दिलं असतं तर १,५००. म्हणजे ज्यावर एवढी चर्चा चाललीय तो तोटा महिन्याला साडेनऊशेचा. आणि तशाच आकाराची पेट्रोल एसयूव्ही या फेऱ्यांना दहा देईल असं धरलं तर ३,१२० रुपये. डिझेल अकरा देऊनही स्वस्तच पडतंय! अर्थात लिटरला लिटर तोलणं हीच थोडी लबाडी आहे, डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जाच दहा-बारा टक्के जास्त असते. आणि नवी घेताना डिझेल मॉडेलला लाखभर जास्त मोजले असतील तर महिन्याला पावणेसातशेच्या बचतीने ते वसूल व्हायला बारा वर्षं लागतील. त्यात फिल्टरचं काम एकदा जरी निघालं तरी सगळं पाण्यात.

डिझेल म्हणजे स्वस्त हे जे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते २०१२च्या सुमाराचं आहे. तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७३ आणि डिझेल ४१ होतं. २०१३च्या जानेवारीपासून महिन्याला पन्नास पैसे वाढवत नेले, ऑक्टोबर २०१४ला नियंत्रण उठलं आणि ती मजा संपली. आमच्या ऑफिसात त्या काळात डेक्कनहून कोथरूडला जायला डिझेल घेणारे महाभाग होते.

आता दोघांचं मिळून धरा. नवऱ्याचे महिन्याला १,५०० किलोमीटर, पेट्रोल सतराच्या ॲव्हरेजने ९,१७५ रुपये. त्यात ताईंचे २,४५०, एकूण ११,६००च्या वर. गाड्या बदलल्या तर सिन्नरला डिझेल एकोणीस देईल, ७,१०० रुपये. ताईंच्या हातात पेट्रोल हॅचबॅक बारावर येईल, २,६००. बेरीज ९,७००. महिन्याला एकोणीसशे रुपये वाचले, आणि खर्च शून्य.

रक्तगट_बी (नाशिक)

खर्च शून्य असं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. नवऱ्याचा मुद्दा असा की हॅचबॅकचं सीट त्याच्या कमरेला बरोबर बसलंय, स्टेअरिंग हलकं आहे, आणि "तुला उंच गाडी हवी म्हणूनच तर घेतली". तिसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उंच गाडीतून रस्ता छान दिसतो हे खरंच आहे. मग मी त्याला पट्टीवरचा फिल्टर पेपर दाखवला. इंजिनिअर माणूस, चष्मा लावून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "सोमवारपासून चावी दे."

घाटमाथा (सातारा)

विकायची नसेल तर ठीक. पण अडीच किलोमीटरला चारचाकी तरी कशाला? स्कूटर घ्या.

रक्तगट_बी (नाशिक)

स्कूटर आहे. सॅम्पलचा बर्फाचा डबा, पावसाळा आणि कॉलेज रोडवरची पोरं, या तीन गोष्टी एकदा त्यावरून सांभाळून दाखवा.

बरेच दिवसांनी लिहितेय, पण काकांना रिपोर्ट द्यायचा होता. ऑईल बदललं. स्कॅनरवर फिल्टर बराच भरलेला निघाला, पण मर्यादेच्या आत. वर्कशॉप या वेळी दुसरं होतं, तिथल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे फिरवून आकडा दाखवला, तेवढ्यानेच मी त्यांची कायमची गिऱ्हाईक झाले. घोटीची चक्कर मारायची गरज पडली नाही, पहिल्याच दिवशी सिन्नरला जाताना मोहदरी घाटाच्या अलीकडे मीटरवरचं ॲव्हरेज पडलं आणि कंपनीच्या गेटपर्यंत परत जागेवर आलं, असा नवऱ्याचा फोन. तो आता रोज संध्याकाळी मला आकडे सांगतो. पहिली टाकी साडेअठरा, नंतरची एकोणीसच्या वर. ऑईलची लेव्हल जिथल्या तिथे.

माझ्या हातात पेट्रोल बारा-साडेबारा देतेय, त्याच्याकडे सतरा द्यायची. त्यावर त्याने "क्लचवर पाय ठेवतेस का" असं विचारलं. पुढचं लिहीत नाही.

काका, एकच शंका. त्याला कंपनीच्या कामाने आठ-दहा दिवस चेन्नईला जायचंय. तोवर डिझेल पार्किंगमध्ये उभी राहील. मी मधूनमधून लॅबला नेऊ का? की रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून ठेवू?

नोझलवाले काका (सातपूर, नाशिक)

दोन्ही नको. आठ-दहा दिवस उभी राहिल्याने डिझेल गाडीला काही होत नाही. दारात पाच मिनिटं चालू ठेवलीत तर इंजिन तापणार नाही, काजळी मात्र जमेल, आणि स्टार्टरने बॅटरीतून जेवढं खेचलं तेवढंही परत भरणार नाही. टाकी बऱ्यापैकी भरून ठेवा म्हणजे आत ओल धरणार नाही. हँडब्रेक सोडून पहिल्या गिअरमध्ये उभी करा, मागच्या चाकाला वीट लावा.

आणि ते चेन्नईहून परतले की पहिल्या दिवशी निघताना रेस देऊ नका म्हणावं. द्वारका ओलांडेपर्यंत दोन हजारांच्या खाली, मग पुढे काय ते.